हॉर्न हाय, इंजिन नाय

आमच्या मालकांना रेल्वेनं उडवलं, त्या वेळी मालक शेजारणीला ‘लाईन मोकळी हाय, या’ असंच सांगत होते. हे मी आधीच सांगून टाकते. मालकांच्या तोंडून ऐकायला बसलात तर सकाळ जाईल आणि शेवटी चूक रेल्वेची निघेल. नवऱ्याला मालक म्हणायची आमच्याकडं रीत आहे. कशाचे मालक, ते विचारायची रीत नाही.

मुकुंदवाडीच्या पुढं, रुळांकडं पाठ करून आमचं घर आहे. मालक कंपनीत फिटर होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. आता दोघंही घरी बसलेलो आहोत, म्हणजे मालक बसलेले आणि मी उभी. प्लॉट घेतला तेव्हा स्वस्त मिळाला, कारण मागून गाड्या जायच्या. पाहुणे पहिल्या रात्री अंथरुणात उठून बसायचे, आम्ही नुसती कूस बदलायचो. बाजार, दवाखाना, रिक्षा स्टँड, सगळं रुळांच्या पलीकडं. सरळ मार्गानं जायचं तर लांबचा वळसा घालून पुलाच्या पायऱ्या चढा. नाहीतर आमच्या घरामागं रेल्वेच्या भिंतीला खिंडार आहे, तिथनं रूळ ओलांडले की समोर रस्ता. आता दळणाचा डबा डोक्यावर घेऊन पुलावर कोण चढतंय? भिंत रेल्वेनं तीनदा बांधली आणि गल्लीनं तीनदा पाडली.

खिंडारातून जायचा एक कायदा होता आणि तो मालकांनी केलेला होता. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, कानांवर ठेवायचा. ते खरंही होतं. आमच्याकडं रूळ वळण घेतात, त्यात बाभळी माजलेल्या, त्यामुळं गाडी दिसेपर्यंत अंगावर आलेली असते. पण डिझेलचं इंजिन लांबूनच वर्दी द्यायचं. आधी मांडणीतले पेले थरथरायचे, मग खिडकीची काच, मग कानात धडधड यायची. मालक मागच्या पायरीवर पेपर घेऊन बसलेले असायचे. कुणी बाई पिशवी घेऊन खिंडाराशी आली की विचारणार, “भाऊजी, जाऊ का?” मालक पेपर खाली करायचे, हनुवटी वर, डोळे बंद. मग निकाल लागायचा. “जावा बिनधास्त.” किंवा, “थांबा वहिनी, मालगाडी हाय. रिकामी हाय.” आता भरलेली आणि रिकामी यात त्या बाईला काय फरक पडणार होता? पण मालकांना सांगितल्याशिवाय राहवायचं नाही.

गंमत म्हणजे ते बरोबर निघायचं. मुंबईची कोणती, हैदराबादकडची कोणती, कोणती उशिरा सुटलीय, सगळं बरोबर. मी स्वतः आयुष्यभर त्या ‘जावा बिनधास्त’वर रूळ ओलांडून शाळेत गेले आणि धडधाकट परत आले. कायम बरोबर निघणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं लई अवघड असतं. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले तरी तेही बरोबरच असणार असं आपल्याला वाटायला लागतं.

मग खांब आले. खांबांवर तारा आल्या आणि गाड्या विजेवर धावायला लागल्या. सगळ्या एकदम नाही, एक विजेची तर एक जुनी, असं बरेच दिवस चाललं. त्यामुळं मालकांचा मान टिकून राहिला. मला मात्र स्वयंपाकघरात एक गोष्ट खटकायला लागली. गाडी खिडकीसमोरून जाताना दिसायची आणि मांडणीतले पेले गप्प असायचे. डबे जाताना आवाज करायचे, पण येताना पुढचं इंजिन मांजरागत यायचं.

मी म्हणाले, “अहो, आत्ता गाडी गेली आणि कळलंसुद्धा नाही.”

“तू मिक्सर लावला होतास,” मालक म्हणाले.

“मी पोळ्या लाटत होते.”

“मग कुकर असंल. तारा आल्या म्हणून गाडी मुकी होती व्हय?”

नवऱ्याला एकदाच सांगायचं असतं, असं माझी आई म्हणायची, कारण दुसऱ्यांदा सांगून कुणाचा फायदा झालेला नाही. मी पोळ्या लाटत राहिले.

तो रविवार होता. मटण आणायला मालक आणि शेजारच्या वहिनी बरोबरच निघाले. मालकांच्या पायात औरंगपुऱ्यातून नुकतीच आणलेली चामड्याची चप्पल होती. दुकानदाराला घाम फोडून घेतलेली, त्यामुळं ती सगळ्यांना दाखवायची होती. खिंडारातून बाहेर पडल्यावर पुढं काय झालं ते मला वहिनींनी सांगितलं, आणि वहिनी खोटं बोलत नाहीत, फक्त लांबण लावतात. हॉर्न वाजला. वहिनी थबकल्या. मालकांनी हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि निदान केलं, “हॉर्न हाय, इंजिन नाय. म्हंजी गाडी चिकलठाण्याला उभी हाय, क्रॉसिंगला. लाईन मोकळी हाय, या.” आणि रुळांत पाय टाकला. वहिनींचा पदर बाभळीच्या काट्याला अडकला होता, म्हणून त्या मागं राहिल्या. त्या बाभळीला आता त्या दर सोमवारी हळद-कुंकू वाहतात.

वळणावरून विजेची गाडी आली. हॉर्न पुन्हा वाजला तेव्हा ती समोरच होती. मालकांनी उडी मारली आणि उडी तशी बरोबर होती, फक्त उजवा पाय मागं राहिला. इंजिनाच्या कोपऱ्यानं तो पाय धरला, मालकांना फिरवलं आणि खडीवर फेकून दिलं. पुढं जाऊन गाडी थांबली.

मी पोचले तेव्हा गल्ली आधीच पोचली होती. अर्ध्या लोकांच्या हातात मोबाईल आणि अर्ध्यांच्या तोंडात सल्ला. मालक शुद्धीवर होते. उजव्या घोट्याखालची कातडी, मोजा खाली ओढावा तशी, सोलून पंजावर आली होती आणि आत पांढरं दिसत होतं. वहिनींनी घाबरून स्वतःचा हळदीचा डबा आणला होता आणि निम्मा त्यावर ओतलाही होता. कुणीतरी चहाची पावडर आणायला पळालं होतं. “आता मीठ-मसालाही आणा म्हणजे झालंच,” मी ओरडले. शाळेत आमचं प्रथमोपचाराचं एक शिबिर झालं होतं. त्यातलं चहा-नाश्ता सोडून मला एवढंच आठवत होतं की स्वच्छ कपड्यानं दाबून धरायचं. दोरीवर वाळत घातलेली माझी सुती साडी घट्ट गुंडाळून मी दोन्ही हातांनी धरली. तोंड मात्र चालू होतं. माझं असंच आहे, भीती वाटली की मी भांडते.

मालक म्हणाले, “माझी चप्पल कुठाय?”

डावी पायात होती. उजवीचा पत्ता नव्हता.

गल्लीतल्याच एका रिक्षात घालून निघालो तर पलीकडं जायचं रेल्वे फाटक बंद. का बंद, तर गाडी उभी आहे. गाडी का उभी, तर तिनं आमच्या मालकांना उडवलंय. म्हणजे मालकांना दवाखान्यात न्यायला मालकच आडवे आले होते. पुढं-मागं रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली, सगळे हॉर्न वाजवत. शेजारचा मोटारसायकलवाला आमच्या रिक्षावाल्याला म्हणाला, “कुणीतरी येडं गाडीखाली आलंय म्हणे.” मालकांनी माझ्या मांडीवरून मान वर केली आणि म्हणाले, “येडं नाय, मी हाये.” त्या माणसाचा चेहरा बघून मला हसू फुटलं. साडी रक्तानं भिजत होती, नवऱ्याचे ओठ पांढरे पडत होते आणि मी हसत होते. मग त्याच माणसानं गाडी स्टँडला लावली, ओरडून ओरडून लोकांना बाजूला केलं आणि आमची रिक्षा मागं वळवून दिली. लांबच्या वाटेनं आम्ही दवाखान्यात पोचलो.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. झोप न झालेल्या, केस कसेबसे बांधलेले. त्यांनी पायाला गुंडाळलेली साडी सोडली आणि विचारलं, “हे पिवळं काय आहे?”

“हळद,” मी म्हणाले.

“पायाची भाजी करायची होती का?”

मला त्या बाई तिथंच आवडल्या.

त्यांनी सांगितलं की घोट्याची हाडं मोडलीत, खडी आणि माती आत गेलीय, सगळं धुऊन काढावं लागेल. पण मुख्य प्रश्न हाडाचा नाही, रक्ताचा आहे. पंजापर्यंत रक्त पोचलं तर पाय राहील, नाहीतर नाही. मग खिशातून पेनासारखं एक यंत्र काढलं, पायाच्या वरच्या बाजूला थंडगार जेली लावली आणि पेन टेकवलं. यंत्रातून नुसती खरखर आली. बाईंनी ते केसभर सरकवलं, आणखी केसभर. मग एकदम आवाज आला. घुश्श, घुश्श, घुश्श.

वेदनेनं अर्धे झालेले मालक डोळे उघडून म्हणाले, “हे डिझेल हाय.”

“हे तुमचं रक्त आहे, काका,” डॉक्टर बाई म्हणाल्या. “हा आवाज येतोय तोवर पाय तुमचा.”

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आत नेलं. बाहेर आणलं तेव्हा पायात आरपार सळया आणि त्यांना बाहेरून पट्ट्या लावलेल्या. एका पायावर टीव्हीची जुनी अँटेना बसवल्यासारखं दिसत होतं. त्यानंतर रोज सकाळी राउंडला त्या पेनाचा कार्यक्रम व्हायचा. अख्खा वॉर्ड गप्प बसायचा. घुश्श घुश्श आलं की पलीकडच्या खाटेवरचे आजोबासुद्धा ‘आली, आली’ म्हणायचे. मालक तर निकालच द्यायचे. “आज जोरात हाय.” “आज जरा लेट हाय.” वॉर्डात त्यांना पुन्हा मान मिळायला लागला होता. रोगी माणूस स्वभावानं मात्र बरा होत नाही.

भेटायला माणसं यायची ती तर विचारू नका. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर सात पिढ्या बोलणं बसतं, त्यामुळं सगळे यायचे. मोसंबी घेऊन यायचे आणि खाटेच्या कडेला, नेमके दुखऱ्या पायाजवळ बसायचे. सोयगावहून मालकांची थोरली बहीण आली, आमच्या वन्सं. भाकरी, ठेचा आणि एक हाडवैद्य घेऊन आल्या. म्हणजे हाडवैद्य प्रत्यक्ष नाही, त्याचा पत्ता.

“ट्रॅक्टरखाली गेलेला पाय सरळ केला त्यानं,” वन्सं म्हणाल्या. “ह्या लोखंडानं काय हुतंय? काढून टाका म्हनावं आन् चल गावाकडं.”

“वन्सं, तो पाय ट्रॅक्टरचा होता. हा रेल्वेचा आहे,” मी म्हणाले.

वन्सं दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तेवढी शांतता बरी वाटली.

मग एका सकाळी आवाज बारीक आला. डॉक्टर बाई पेन खूप वेळ धरून राहिल्या. त्याच दिवशी मालकांना पुन्हा आत नेलं. रक्तवाहिनीत गुठळी धरली होती, ती काढली. बाहेर आल्यावर आवाज आला. रात्रीत पुन्हा बंद पडला. बोटं आधी फिकी झाली, मग जांभळी, आणि वास यायला लागला. तो वास मला कळत होता. भरल्या घरात वाढलेल्या बाईला काय नासलंय ते कळतं. मी पदर नाकाला लावला नाही, कारण मालक माझ्याकडं बघत होते.

सकाळी डॉक्टर बाईंनी पेन टेकवलं. खरखर. सरकवलं. खरखर. घोट्यामागं लावलं, तिथंही तेच. वॉर्ड गप्प होता. आजोबा उठून बसले होते. मालकांनी हनुवटी वर केली, डोळे मिटले.

“येतोय,” मालक म्हणाले.

“काका, नाही येत.”

“लांब हाय. पर हाय.”

डॉक्टर बाईंनी पेन खिशात ठेवलं, स्टूल ओढलं आणि मालकांच्या तोंडासमोर बसल्या. पंजा मेलाय, त्या म्हणाल्या. आज गुडघ्याखाली कापला तर गुडघा वाचेल आणि गुडघा असला की नकली पाय लावून माणूस चालतो, गिरणीत जातो, देवळात जातो. थांबलो तर विष वर चढेल. मग गुडघाही जाईल, आणि नंतर पायाचा प्रश्नच राहणार नाही. तुम्ही हो म्हणायला पाहिजे, त्या म्हणाल्या.

मालक म्हणाले, “मला ऐकू येतंय. आवाज हाय. मी इतकी वर्सं काय झक मारली का?”

वन्सं रडायला लागल्या, गावाकडं नेते म्हणाल्या. डॉक्टर बाई मला म्हणाल्या, तुम्ही समजवा, मी थोड्या वेळानं येते. आणि मला इतका राग आला, इतका राग आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या माणसाच्या कानाचा राग. ज्या कानानं आयुष्यभर मला सुखरूप पलीकडं नेलं, तोच आता त्याला मारायला निघाला होता. मला हा माणूस पाहिजे होता. खोटं कशाला बोलू, एक पाय कमी असलेला चालला असता, दोन्ही पाय असलेलं मढं नको होतं.

मी डॉक्टर बाईंना थांबवलं. म्हणाले, “बाई, ते पेन जरा डाव्या पायाला लावा.”

“डावा ठीक आहे त्यांचा.”

“म्हणूनच लावा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं. डाव्या पायाला जेली लावली, पेन टेकवलं. घुश्श, घुश्श, घुश्श. लगेच, जोरात. मांडणीतले पेले थरथरले असते असा आवाज. मग तेच पेन उजव्याला. खरखर. पुन्हा डावा. घुश्श, घुश्श. पुन्हा उजवा.

“आता सांगा,” मी म्हणाले. “गाडी आहे का?”

मालकांनी डोळे मिटले. हनुवटी वर. पायरीवर बसायचे तसेच. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. बराच वेळ त्यांनी ऐकलं. इतका वेळ त्यांनी कुठल्या गाडीला दिला नव्हता.

“नाय,” ते म्हणाले. “लाईन मोकळी हाय.”

मग डोळे उघडून डॉक्टर बाईंकडं बघितलं. “जावा बिनधास्त.”

गुडघा वाचला. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. नसलेल्या पायाचा अंगठा खाजायचा. तसं होतं, डॉक्टर बाई म्हणाल्या, मेंदूला अजून खबर पोचलेली नसते. रात्री मालक उठवायचे, मी पाय असायला पाहिजे होता त्या जागी चादर खाजवायची आणि ते म्हणायचे, “जरा खाली.” मी जरा खाली खाजवायची. वन्संना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही दोघंही कामातून गेलात. असेल तसं.

चपलेचं राहिलं. गाडीनं नेमकी उजवी नेली होती. डावी अजून नवीच आहे आणि मालक ती रोज घालतात. घासाघीस करून घेतलेल्या वस्तूचे पुरते पैसे वसूल करायचा त्यांचा स्वभाव आहे. उजवीकडं नकली पाय, तो बूट घालूनच आला. दिसतं विचित्र, पण आमच्या गल्लीत कुणाचे पाय बघायला कुणाला वेळ नाही.

ते पुन्हा मागच्या पायरीवर बसायला लागले त्याला फार दिवस झाले नाहीत. पेपर हातात, नकली पाय समोर लांब सोडलेला. आता सगळ्याच गाड्या विजेच्या आहेत. खिंडार अजून आहे. कुणी काही शिकतं व्हय?

परवा मी भाजी निवडत होते. शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन मागं आल्या. खिंडारापाशी थांबल्या आणि निव्वळ सवयीनं, बघायच्याही आधी, त्यांच्या तोंडून गेलं, “भाऊजी, जाऊ का?”

विचारलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माझा हात थांबला. मालकांनी पेपर खाली केला. हनुवटी वर केली, डोळे मिटले. मीही ऐकू लागले. कावळा होता, कुणाच्या तरी घरी कुकर होता. बाकी काही नव्हतं. त्या काही नसण्यात गाडी होती की नव्हती, ते मला सांगता आलं नसतं.

“म्हाईत नाय, वहिनी,” मालक म्हणाले.

लग्न झाल्यापासून हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. वहिनींनी खिंडाराकडं एकदा बघितलं. मग पिशवी काखेत मारून पुलाकडं चालायला लागल्या. मालकांनी पेपर पुन्हा उघडला, पण पान उलटलं नाही. मी निवडलेली मेथी तशीच टाकून त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले, आणि दोघं मिळून पलीकडं बघत राहिलो.